दोघेही राजी, तरी सहा महिने कशाला?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दीड वर्षापासून वेगळे राहतो. भांडण नाही, पण संसारही उरलेला नाही. स्टॅम्प पेपरवर दोघांनी सह्या करून नोटरी केली, तर घटस्फोट होतो का? कोर्टात म्हणे सहा महिने थांबवतात. ते कशासाठी?

उत्तर : नोटरीने घटस्फोट होत नाही. सही तुमचीच आहे, एवढीच नोटरीची साक्ष. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि कायदा ती मानतो. पण वाद झालाच, तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांना कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीची वाट मुळात नव्हती. १९७६ साली कलम १३-ब आलं. अटी तीन : वर्षभर वेगळं राहणं, एकत्र नांदणं अशक्य होणं आणि लग्न संपवण्यावर दोघांचं एकमत. वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच हवं असं नाही. एका छपराखाली राहूनही नवरा-बायकोचं नातं उरलं नसेल, तरी चालतं.

दोघांनी मिळून अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा हजर व्हायचं. मधला काळ विचार बदलण्यासाठी आहे. म्हणूनच हुकूमनामा होईपर्यंत एकालाही संमती मागे घेता येते; १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. समेटाची आशा नसेल, दीड वर्षाचा दुरावा अर्जाआधीच झाला असेल आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे मिटलं असेल, तर हे सहा महिने माफ करता येतात, असा २०१७चा निकाल आहे. तुम्ही तशी विनंती करू शकता. ती मान्य करायची की नाही, हे न्यायाधीश ठरवतात.

खरा वेळ द्या तो संमतीच्या अटी लिहायला. ‘वडील मुलाला भेटू शकतील’ एवढ्यावर सोडू नका. कोणत्या रविवारी, किती वाजता, मे महिन्याची सुट्टी कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार, दागिने आणि घराचं कर्ज कुणाकडे, सगळं लिहा. पोटगीच्या रकमेचा काही भाग कोर्टातल्या दुसऱ्या हजेरीच्या वेळी द्यायचा, अशीही पद्धत आहे.

आणि हुकूमनामा होण्याआधी, नोटरीच्या कागदावर विसंबून दुसरं लग्न करू नका. कायद्याने तो गुन्हा आहे.