चंद्रासाठी दुर्बीण घेताना

मंडळातल्या काही जणांनी मिळून एक लहान भिंगाची दुर्बीण घ्यायचं ठरवलंय. त्यांचा पहिलाच प्रश्न, "सर, किती पटीची घ्यावी?" साहजिक आहे, खोक्यावर तेवढंच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ५२५ पट! माझं म्हणणं, पट शेवटी बघा. गॅलिलिओने १६०९ साली चंद्रावरचे डोंगर पाहिले ते जेमतेम वीसपट दाखवणाऱ्या नळीतून.

पट म्हणजे साधा भागाकार. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, डोळ्याजवळच्या नेत्रिकेचं १०, तर पट ७०. नेत्रिका बदलली की पट बदलते. किती बारीक दिसणार हे मात्र पुढच्या भिंगाच्या रुंदीवर ठरतं. ७० मिलिमीटरच्या भिंगाला १४० पटीपुढे ताणलं तर चित्र मोठं होतं, पण पुसट. मी ७० मिलिमीटर रुंदीची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची, दोन काचांचं जोडभिंग असलेली दुर्बीण सुचवेन. एवढ्या लांबीमुळे चंद्राच्या कडेची जांभळी झालर कमी होते, आणि हवा स्थिर असली तर पाच-सहा किलोमीटरची विवरंही ओळखू येतात.

आता आपल्या भागाची गोष्ट. बिदर आणि कलबुर्गी साधारण १७-१८ अक्षांशांवर आहेत. फाल्गुन-चैत्रात शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला जवळजवळ डोक्यावर असतो. लंडनहून तो कधीच इतका वर येत नाही. म्हणून तिकडची शिफारस इकडे जशीच्या तशी चालत नाही. नळी सरळ वर केली की नेत्रिका खाली गुडघ्याशी येते, आणि स्वस्त तिपाईवर नळी मध्येच अडकते. तेव्हा दुकानातच नळी उभी करून बघा. डायगोनल, म्हणजे नजर वळवणारा आरसा, ९० अंशांचा मागा. ४५ अंशांच्या प्रिझमने मान मोडते. ९० अंशांत चित्र डावं-उजवं उलटं होतं, एवढं नकाशा बघताना ध्यानात ठेवा.

तिपाई लटपटत असेल तर मधल्या ताटलीखाली दोन-तीन किलो तुरीची पिशवी टांगा. कलबुर्गीकरांना तूर कुठून आणायची हे मी सांगायला नको! ७० पटीला चंद्र दोन-तीन मिनिटांत सरकून जातो, म्हणून हळू फिरवायचे स्क्रू असलेली तिपाई मिळाली तर थोडे पैसे जास्त द्या. त्यासाठी जास्तीच्या नेत्रिका सोडल्या तरी चालेल.

जागाही निवडावी लागते. शहाबादी फरशीची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उष्णता सोडत राहते. चंद्र उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा हलतो. उन्हाळ्यात गच्चीपेक्षा मातीचं अंगण किंवा शेताची कड बरी. संचाबरोबर नेत्रिकेवर बसवायची काळी 'सूर्य-काच' आली तर ती टाकूनच द्या. ती तापून तडकते आणि डोळा जातो.

आणि पौर्णिमेची वाट बघू नका. पौर्णिमेला सावल्या नसतात, चंद्र सपाट ताटासारखा दिसतो. मजा आहे शुद्ध चतुर्थी ते दशमी, उजेड-अंधाराच्या सीमेवर. नवमी-दशमीला दक्षिणेकडे क्लेव्हियस हे सव्वादोनशे किलोमीटरचं विवर शोधा. क्लेव्हियस हे जेज्वीट गणिती, १५८२च्या ग्रेगोरियन पंचांगसुधारणेत त्यांचा मोठा वाटा. हे नाव १६५१ साली रिच्चोली या दुसऱ्या जेज्वीटाने नकाशात घातलं. पृथ्वी फिरते हे रिच्चोलींना मान्य नव्हतं, तरी एक ठसठशीत विवर त्यांनी कोपर्निकसला दिलं! क्लेव्हियसच्या पोटात लहान लहान होत जाणाऱ्या विवरांची कमानदार रांग आहे. पहिली दोन सहज दिसतात. पुढची तुमच्या दुर्बिणीतून दिसतात का, ते मोजून मला सांगा.