पाण्याखालची वाट

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. हा प्रदेश अवर्षणाचा. येथील माणूस पावसाची वाट पाहण्यात अर्धे आयुष्य घालवतो. तरीही करमाळा तालुक्यातील केत्तूरच्या काठावर पहाटे उभा राहिलेला नवखा माणूस क्षणभर गोंधळतो. समोरचा तीर धुक्यात विरून गेलेला असतो, पायाशी लाटा चुळूक चुळूक वाजत असतात आणि दूरवर होड्यांचे काळे ठिपके डुलत असतात. हा समुद्र नव्हे. ही उजनी धरणाने अडवलेली भीमा नदी.

माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ या धरणाचे काम १९६९ साली सुरू झाले आणि १९८० साली ते पूर्ण झाले. यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून जलाशयाला ‘यशवंतसागर’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. मौज अशी की, हे धरण सोलापूरच्या पावसाने भरत नाही. काठावरच्या गावांत आभाळ कोरडे असते आणि पाणी मात्र हातहात चढत असते. कारण पाऊस पडत असतो तो तिकडे सह्याद्रीत. भीमाशंकरच्या डोंगरातून निघालेली भीमा, तिला मिळणाऱ्या इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्या आणि पुण्याकडील धरणांतून सोडलेले पाणी, हे सारे येऊन येथे विसावते.

फाल्गुनातील एका सकाळी याच काठावर तिघे जण होडीपाशी उभे होते. आजोबा साठी ओलांडलेले. नात आठवीत, नातू सहावीत. मुले पुण्याहून सुट्टीसाठी आली होती. नातवाला रोहित पक्षी पाहायचे होते. आजोबांच्या मनात मात्र निराळेच काही होते. त्यांना पळसदेवच्या बाजूला जायचे होते, कारण पळसदेव हे त्यांचे आजोळ. दिवसभरासाठी होडी ठरली होती. नावाडी जातीने भोई. मासेमारी हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. हंगामात तो पाहुण्यांनाही पाणी दाखवून आणत असे.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी नावाड्याने केशरी रंगाची चार जीवरक्षक जाकिटे काठावर मांडली.

“मामा, याला मासळीचा वास येतो,” नातवाने नाक मुरडले.

“येणारच. पण तो वास घेऊनच बसायचं. जाकीट नाही तर होडी नाही.”

मुलांनी जाकिटे चढवली. आजोबा हसले. “मला कशाला रे? याच भीमेत मी पोहायला शिकलो.”

“तात्या, ती भीमा निराळी होती,” नावाडी शांतपणे म्हणाला आणि जाकीट त्यांच्यापुढे धरून तसाच उभा राहिला. आजोबांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि हात बाह्यांत घातले.

इंजिन सुरू झाले. काठ मागे सरू लागला. उसाचे मळे, केळीच्या बागा आणि पाण्यात उतरलेले पंपांचे जाड काळे नळ दिसू लागले. एके काळी ज्या शिवारात ज्वारीवाचून दुसरे पीक माहीत नव्हते, तेथे आज हिरवेगार ऊस डोलतात. कंदर, वांगी या गावांची केळी तर परदेशी जातात. सोलापूर शहर याच पाण्यावर तहान भागवते आणि आषाढी वारीच्या वेळी धरणातून सोडलेले पाणी पंढरपूरच्या वाळवंटापर्यंत पोहोचते. धरणाने काय दिले, हे सांगायला काठावरची शेतेच पुरेशी आहेत.

“मामा, उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतं, उजनी उणे वीस टक्के. पाणी उणे कसं असेल?” नातवाने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. नावाडी हसला, उत्तर आजोबांनी दिले. धरणातील निम्म्याहून अधिक पाणी, म्हणजे सुमारे ६३ अब्ज घनफूट, अगदी तळाशी असते. त्याला मृत साठा म्हणतात. धरण किती भरले हे मोजताना हा साठा धरत नाहीत. त्याच्या वरचे पाणी संपले की हिशेबात शून्य येते, आणि त्याखाली पातळी उतरली की ती उणे होते. कागदावर धरण उणे असते, तरी होडी तरंगतच असते.

“आणि मासेही असतात,” नावाड्याने पुस्ती जोडली. “फक्त जुने मासे आता कमी झाले. जाळ्यात येते ती बहुतेक चिलापी.” चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. येथे तो असा फोफावला की, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी येथील बाजारांत त्याच्याच टोपल्या दिसतात. पाण्याचा रंगही पूर्वीचा नाही. मोठ्या शहरांचे सांडपाणी नद्यांतून वाहत येथे येते आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरतो. नातीने हात बुडवून पाहिला. बोटांना हिरवट रेघ लागली. तिने ती निमूटपणे पदराला नव्हे, तर भावाच्या जाकिटाला पुसली.

उथळ पाणी आले तशी नावाड्याने इंजिन बंद केले आणि बांबू हाती घेतला. “आता बोलायचं नाही.”

समोर पाण्यात जणू कोणी पांढरी-गुलाबी फुले पसरून ठेवली होती. ते रोहित पक्षी होते. उंच काटकुळे पाय, वेलांटीसारखी मान आणि मध्येच खाली वळलेली जाड चोच. एकेक पक्षी मान वाकवून डोके अगदी उलटे करी, पायांनी चिखल ढवळी आणि चोचीने पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव व शेवाळ टिपून घेई. त्याचा गुलाबी रंग या खाद्यातूनच येतो. पिल्ले जन्मतात तेव्हा करडी असतात. कच्छच्या रणात हे पक्षी मोठ्या संख्येने घरटी करतात. जरा पलीकडे चित्रबलाक ध्यानस्थ उभे होते, काळे वारकरी पक्षी पाण्यावर घोळक्याने हिंडत होते. पट्टकादंब मात्र मोजकेच उरले होते. हिमालय ओलांडून येणारे हे हंस आता परतीच्या वाटेला लागले होते.

एकाएकी सारा थवा उडाला. पंख उघडताच आतील लाल रंग असा झळकला की, नातू मघाची सूचना विसरून ओरडला. नावाडी रागावला नाही. तो पक्ष्यांकडे पाहतच नव्हता. तो पश्चिमेकडे पाहत होता.

तेथून होडी खोल पाण्याकडे वळली. आता चारी बाजूंना पाणीच पाणी होते. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बोट दाखवले. “तिथे चिंचेखाली आमची शाळा भरायची.” मुलांनी पाहिले. तेथे पाण्यावाचून काहीच नव्हते. “ती तिकडे गावची चावडी. आणि आत्ता आपण चाललो आहोत ना, ती गाडीवाट. या वाटेने आई मला माहेरी न्यायची. उन्हाळ्यात भीमा गुडघाभर असायची. वहाणा हातात घेतल्या, लुगडं खोचलं, की झालं. पलीकडे आजोळ. लग्नाची वऱ्हाडंसुद्धा चालत जायची.”

आजोबा पंधरा वर्षांचे असताना गाव उठले. माणसांनी घरांची कौले उतरवली, वासे काढले, दारे-चौकटी बैलगाड्यांवर लादल्या. देवांच्या मूर्ती नव्या गावी नेल्या. विहिरी, झाडे, बांध आणि पूर्वजांच्या समाध्या मात्र जागीच राहिल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाणी चढू लागले, तेव्हा कितीतरी गावांची हीच कथा झाली. मुंबई-सोलापूर लोहमार्गाचा जुना रस्ताही पाण्यात गेला आणि गाडी उत्तरेकडून नव्या मार्गाने धावू लागली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घासावर इतरांची शेते पिकली, ही गोष्ट उसाकडे पाहून सहज ध्यानात येत नाही.

पळसदेवचे पळसनाथाचे हेमाडपंती देऊळही असेच बुडाले. दगडी मंडप, वर विटांचे शिखर, अंगणात वीरगळ. पाणी फार खाली गेले की ते पुन्हा वर येते. २०१३ च्या दुष्काळात ते दिसले, २०२४ च्या उन्हाळ्यातही दिसले आणि ते पाहायला होड्या भरभरून माणसे गेली. इतकी वर्षे पाण्यात राहूनही ते उभे आहे, याचे पाहणाऱ्यांना नवल वाटते.

“मग आता जाता-येता काय करतात?” नातीने विचारले.

“रस्त्याने जायचं तर वळसा. होडीने अर्धा तास. म्हणून लोक होडीतच बसतात. बाजार असो, दवाखाना असो, सोयरीक असो.” नावाड्याने पूर्वेकडे हात केला. “तिकडे खाली कुगाव. कुगावाहून पलीकडे कळाशीला अशीच होडी निघाली होती.”

ती तारीख २१ मे २०२४. सायंकाळची वेळ. होडीत सात माणसे होती, त्यांत लहान मुलेही. निघताना पाणी शांत होते. वाटेत वादळी वारा सुटला. लाटांचे पाणी आत आले आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान शोधासाठी आले, काठावर सारे गाव बसून राहिले. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये याच जलाशयात सहलीसाठी आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघांना मृत्यू आला होता. एक होडी गरजेपोटी निघालेली, दुसरी हौसेपोटी. पाण्याने दोहोंत भेद केला नाही. कुगाव आणि शिरसोडी यांच्या दरम्यान पूल बांधण्यास पुढे मंजुरी मिळाली आहे.

नातवाने जाकिटाचा सैल पट्टा हळूच आवळला.

नावाडी पुन्हा पश्चिमेकडे पाहू लागला. आभाळाच्या कडेला एक मळकट ढग उठला होता. त्याखाली पाण्याचा रंग बदलला होता. चकाकत्या पाण्यावर एक काळसर खरखरीत पट्टा इकडे सरकत होता. पाणकावळे त्याच्यापुढे उडून काठाकडे निघाले होते.

“तात्या, आता माघारी.”

आजोबा चटकन बोलले नाहीत. समोर पळसदेवचा तीर स्पष्ट दिसू लागला होता. पाण्यावर एक काळा ठिपकाही दिसत होता. “तो कळस का रे?”

“कळसाचा शेंडा असेल, नाहीतर जाळ्याचा खांब असेल. इथून सांगता येत नाही.”

“फार तर दहा मिनिटांचं अंतर. मी परत कधी येईन, सांगता येत नाही.”

नावाड्याने इंजिनाचा वेग कमी केला. “तात्या, तुम्ही या वाटेनं चालत गेलात, मी होडीनं जातो. चालणाऱ्याला वाटेत थांबता येतं. मला मध्ये थांबता येत नाही.”

आजोबांनी नातवंडांकडे पाहिले. मग मान हलवली. “वळव.”

होडी वळली आणि थोड्याच वेळात वारा येऊन पोहोचला. मघापर्यंत आरशासारखे असलेले पाणी खवळले. नावाडी सरळ काठाकडे जाईना. लाट बाजूवर घेतली तर होडी कलंडते. म्हणून तो नाळ लाटेकडे ठेवून तिरका तिरका पुढे जात होता. पाण्याचे सपकारे तोंडावर बसत होते. “कुणी उठायचं नाही! मधोमध, खाली बसा!” तो ओरडला. नात डब्याने पाणी उपसू लागली. नातवाने आजोबांचा हात घट्ट धरला होता. की आजोबांनी त्याचा, हे सांगणे कठीण होते. मोठे आडवे पाणी संपले, बाभळीची वाळकी खोडे दिसू लागली, तेव्हा कोठे नावाड्याने मान वळवून हसून पाहिले.

काठाला लागले तेव्हा दुपार टळून गेली होती. धूळ उडत होती, टपोरे थेंब पडू लागले होते. मघा जेथून ते वळले, तेथे आता पांढरा फेस दिसत होता. इतर होड्याही एकेक करून परतत होत्या आणि प्रत्येक होडी लागली की काठावरचे कोणी तरी मोठ्याने माणसे मोजत होते.

आजोबांनी ठरलेले पैसे पुढे केले. नावाड्याने त्यांतले निम्मे परत दिले.

“पळसदेव झालं नाही, तात्या.”

“पोरं आणलीस ना काठाला. ठेव.”

नावाडी पैसे मुठीत धरून घटकाभर उभा राहिला. मग म्हणाला, “वैशाखात पाणी उतरलं की निरोप धाडतो. पहाटे निघू. वारा उठायच्या आत देवळाच्या पायरीला होडी लावीन.”

आजोबांनी जाकीट काढले, झटकले आणि नीट घडी घालून इतर तीन जाकिटांवर ठेवले. नातू धावत पुढे गेला होता. त्याला घरी सर्वांत आधी रोहित पक्ष्यांची गोष्ट सांगायची होती.