मेस एक, मेंबर बावीस!



एक कल्पना करा. हॉस्टेलच्या मेसमध्ये एकच पदार्थ बनतो. तो टेबलाच्या एकाच टोकाला ठेवतात. घंटा वाजल्यावर जो आधी पळत जाईल त्याला मिळतो, बाकीच्यांनी खाली सांडलेलं शोधायचं. वर जे उरेल ते उचलायला कोणी नाही, ते तिथेच सडणार आणि त्याच खोलीत सगळ्यांनी झोपायचं. किती दिवस टिकाल? मला वाटतं, फर्स्ट युनिट टेस्टच्या आत निम्मे लोक घरी पळतील.

बहुतेक घरांतल्या आणि दुकानांतल्या फिशटँकमध्ये रोज नेमकं हेच चालू असतं. वेगवेगळ्या जातीचे मासे जिथे एकत्र ठेवतात त्याला ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात. आपण दुकानात जाऊन रंग बघून मासे निवडतो आणि शेवटी “काका, एक डबी खाणं पण द्या” म्हणतो. त्या एका डबीवर सगळ्यांचा संसार!

हा विषय माझ्याकडे आला तो आमच्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या टाकीमुळे. पासआउट बॅचने ती भेट दिली तेव्हा त्यात ३० मासे होते. दोन महिन्यांत ८ मेले. रेक्टर मॅडमनी सरळ सांगितलं, “असंच चाललं तर टाकी देऊन टाकू. जीव मारायला ठेवली नाहीये.” आमच्या घरी बाबांचा फिशटँक आहे, हे रूममेटने लगेच जाहीर केलं आणि जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. आठवडाभर मी नुसतं बघत बसले. खायला घालायला कोणीच कमी पडत नव्हतं. येता-जाता प्रत्येक जण चिमूटभर टाकत होती, कोणी बिस्किटाचा चुरा, कोणी ब्रेड. तरीही वरचे मासे फुगलेले आणि तळातल्यांची पोटं खपाटीला गेलेली! म्हणजे अन्न भरपूर होतं, पण ज्याचं त्याला पोचत नव्हतं. हा लेख त्याच प्रश्नाचा अभ्यास आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

१) आधी तोंड बघा

माशाचं तोंड हीच त्याची स्पेसिफिकेशन शीट आहे. ज्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं तो पाण्याच्या पृष्ठभागावरचं खातो. उदाहरणार्थ गप्पी. डासांच्या अळ्या खायला हा मासा डबक्यांत आणि टाक्यांत सोडतात ते उगाच नाही, अळ्या श्वास घ्यायला वरच येतात आणि गप्पीही तिथेच असतो. ज्याचं तोंड बरोबर समोर असतं तो मधल्या पाण्यात, खाली येणारा कण टिपतो. बहुतेक टेट्रा आणि बार्ब या गटातले. आणि ज्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, मिशा असतात, तो तळाचा मेंबर. कोरिडोरस, लोच आणि आपला नेहमीचा सकर या गटात येतात.

आता आमची हजेरी लिहिते: गप्पी ५, ब्लॅक मॉली ४, झेब्रा डॅनिओ ६, गोरामी २, कोरिडोरस ४, सकर १. एकूण २२. यातला झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा आहे. विजेसारखा फिरतो. फ्लेक्स पाण्यावर पडले की तरंगत असतानाच सहा डॅनिओ आणि पाच गप्पी मिळून त्यांचा फडशा पाडतात. कोरिडोरस बिचारे खाली वाळूत नाक खुपसून वाट बघत बसतात. त्यांच्या वाट्याला येते ती फक्त प्लेटमधली शेवटची कोथिंबीर.

म्हणून पहिला नियम: खाद्याचा ‘प्रकार’ ठरवण्याआधी त्याची ‘जागा’ ठरवा. फ्लेक्स तरंगतात, मग हळूहळू बुडतात. काही दाणे तरंगणारे असतात, काही लगेच बुडणारे. चपट्या गोळ्या, ज्यांना वेफर म्हणतात, त्या थेट तळाशी जाऊन बसतात आणि तास-दोन तास टिकतात. कम्युनिटी टँकला निदान दोन खाद्यं लागतातच, एक तरंगणारं आणि एक बुडणारं.

दाण्याचा आकारही बघा. गप्पीच्या तोंडात मोठा दाणा मावत नाही. तो चावतो, थुंकतो, परत चावतो आणि शेवटी सोडून देतो. खाद्य दोन बोटांत चुरून टाकलं तर हा प्रश्न फुकटात सुटतो.

२) मग पोट बघा

तोंडाने जागा सांगितली, पोट मेनू सांगतं. शाकाहारी माशाचं आतडं लांब असतं आणि तो दिवसभर थोडं थोडं चरत असतो. ब्लॅक मॉली या प्रकाराकडे झुकलेली. निसर्गात ती दगडांवरचं शेवाळ ओरबाडून खाते. तिला नुसतं मांसाहारी खाद्य दिलं तर ती जगते, पण खऱ्या अर्थाने वाढत नाही. तिच्यासाठी स्पिरुलिना असलेले फ्लेक्स मिळतात. नाहीतर आपला पालक आहेच. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ केलेला, मीठ-मसाला न घातलेला. मटारही चालतो. उकडायचा, साल काढायची आणि चुरायचा. काकडीची चकती चमच्याला टोचून तळाशी ठेवली तर सकरही खूष.

गोरामी, गप्पी आणि डॅनिओ मिश्राहारी आहेत. मुख्य जेवण फ्लेक्स, आणि आठवड्यातून एक-दोनदा चवबदल म्हणून डॅफ्निया, ब्लडवर्म किंवा आर्टेमिया.

इथे एक धोक्याची सूचना. दुकानात वाटीत वळवळणारे जिवंत लाल ट्युबिफेक्स मिळतात. मासे त्यावर तुटून पडतात हे खरं, पण हे किडे घाण पाण्याच्या गाळात वाढतात आणि रोग घेऊन येऊ शकतात. त्याऐवजी फ्रीझ-ड्राय केलेले चौकोनी तुकडे घ्या. काचेला आतून दाबून चिकटवले की सगळे मासे एका ठिकाणी गोळा होतात. बघायलाही मजा येते.

आणि बिस्किट-ब्रेड? साफ बंद. मैदा माशांना नीट पचत नाही, पाणी मात्र लगेच गढूळ होतं.

३) डबीवरचं लेबल

आपण मोबाइल घेताना चार साइट बघतो, आणि माशांचं खाद्य मात्र डबीवरच्या फोटोवरून! लेबलवर प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, तंतू आणि ओलावा यांचे टक्के दिलेले असतात. मिश्र टाकीसाठी साधारण ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं खाद्य बरं. घटकांच्या यादीत सुरुवातीला मासळीची पूड, कोळंबी असं काही दिसलं तर चांगलं. गव्हाचं पीठच पहिल्या नंबरावर असेल तर डबी परत ठेवा.

तारीख तर बघाच. खाद्यातलं क जीवनसत्त्व हवा लागली की कमी होत जातं, आणि ते फार दिवस कमी पडलं तर माशांचा कणा वाकडा होऊ शकतो. म्हणून “मोठा डबा स्वस्त पडतो” हा हिशेब इथे लागू नाही. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच डबा घ्या, झाकण घट्ट लावा आणि टाकीच्या दमट झाकणावर ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणारं सुट्टं खाद्य कधी बनलं, कशाचं बनलं, काहीच कळत नाही. ते नकोच.

४) उरलेल्या अन्नाचं गणित

इंजिनिअरिंगच्या मासिकात आकडेमोड नसेल तर एडिटर लेख परत करतील, म्हणून हे खास.

समजा टाकीत १०० लिटर पाणी आहे आणि १ ग्रॅम खाद्य न खाता तळाशी राहिलं. त्यात ४० टक्के प्रथिनं, म्हणजे ०.४ ग्रॅम. प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ०.०६४ ग्रॅम, अर्थात ६४ मिलिग्रॅम. सगळं सडलं तर हा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. १०० लिटरमध्ये ६४ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ०.६४ मिलिग्रॅम. चांगल्या टाकीत टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसायला हवा!

हा सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच आकडा ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. बोअरच्या पाण्याचा पीएच बऱ्याच ठिकाणी सातच्या वर असतो, तेव्हा तिथे जास्त जपायला हवं.

फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण त्यांचीही कपॅसिटी असते. रोज ओव्हरलोड दिला तर कुठलीही सिस्टीम बसते, मग ती फिल्टर असो की सबमिशनच्या आठवड्यातली आपण! थोडक्यात, खाद्य निवडणं म्हणजे पाणी निवडणं. जे खाल्लं जाणार नाही ते कितीही महाग असलं तरी विषच.

५) आमचं टाइमटेबल

हे सगळं लक्षात घेऊन ऑगस्टपासून टाकीवर एक कागद चिकटवला आणि खाद्याचा डबा कुलपात ठेवला.

सकाळी ८: चिमूटभर फ्लेक्स, अर्धे चुरून. दोन मिनिटांत संपायला हवेत, नाही संपले तर उद्या कमी.
रात्री १०, दिवा बंद केल्यावर: कोरिडोरससाठी बुडणारे दाणे, एक दिवसाआड सकरला वेफर. अंधारात वरची गँग शांत होते आणि सकर कामाला लागतो.
बुधवार: मटार किंवा पालक. उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर.
शनिवार: ट्युबिफेक्सचा अर्धा तुकडा.
रविवार: उपास. खराखुरा, साबुदाण्याच्या खिचडीवाला नव्हे.

थंडीत मात्रा कमी. मासे थंड रक्ताचे, पाणी गार झालं की त्यांचं पचन मंदावतं. दिवाळीच्या सुट्टीत काय, हा प्रश्न सगळ्या विचारतात. तब्येतीने चांगला, वाढलेला मासा आठवडाभर आरामात उपाशी राहतो. सुट्टीला जाताना “पुरेल एवढं” टाकून जाणं मात्र घातक, वरचं गणित आठवा.

रविवारच्या उपासावरून रेक्टर मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. “अगं, मुक्या जीवांना उपाशी ठेवता?” मी त्यांना रात्री दहा वाजता कॉमन रूममध्ये यायची विनंती केली. त्या आल्या. दिवा बंद करून दाणे टाकले आणि टॉर्च बाजूने धरला. चारही कोरिडोरस मिशा हलवत ओळीने आले, पोटं गोल, पाठ भरलेली. मॅडम पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो कागद जरा मोठ्या अक्षरात लिही.” तेव्हापासून जानेवारीपर्यंत एक म्हातारी गप्पी सोडली तर कोणी गेलेलं नाही. टाकी देऊन टाकायचा विषयही परत निघाला नाही.

६) सकरबद्दल दोन शब्द

दुकानात हमखास सांगतात, “सकर घ्या, टाकी तो साफ ठेवेल, त्याला वेगळं काही लागत नाही.” दोन्ही अर्धवट खरं. तो शेवाळ खातो, पण दुसऱ्या माशांची विष्ठा खात नाही, आणि शेवाळ संपलं की उपाशी राहतो. शिवाय नेहमी मिळणारा सकर फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. तो टाकीत मावेना म्हणून लोक नदीत सोडतात, आणि भारतातल्या अनेक नद्या-तलावांत या दक्षिण अमेरिकन पाहुण्याने स्थानिक माशांना त्रास दिला आहे. तेव्हा मोठी टाकी नसेल तर घेऊच नका, आणि घेतलाच तर नदीत कधीही सोडू नका. आमच्यासाठी मोठी टाकी बघणं चालू आहे.

शेवटी, पुढच्या वेळी मासे घ्यायला जाल तेव्हा दुकानदार काकांना रंगाआधी तीन प्रश्न विचारा: हा कुठल्या थरात खातो? काय खातो? आणि दिवसा खातो की रात्री? जुन्या मेंबरांशी उत्तरं जुळली तरच पिशवी भरून घ्या.

आमचे बावीस, म्हणजे आता एकवीस मेंबर मजेत आहेत. मुलींनी रात्री दहाला जरूर यावं. मुलांनी आधी रेक्टर मॅडमची परवानगी आणावी, आणि येताना बिस्किटं आणू नयेत!