शिंगणापूरचा चौथरा आणि पक्षपाताचा आरोप

सावेडीहून निघावे, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगाव गाठावे आणि तेथून आत वळावे, म्हणजे तासाभरात माणूस नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरास पोचतो. इतके हे गाव आपल्याला जवळचे. तरीही २०१५-१६ साली तेथे जो संघर्ष झाला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला तो वृत्तपत्राच्या पानावर आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. आज महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी तर तेव्हा शाळेत होते. त्यांच्यापर्यंत ही घटना पोचली आहे ती बातमी म्हणूनच.

स्त्रियांनी शनीच्या चौथऱ्यावर चढावे की नाही, हा त्या संघर्षाचा विषय होता. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता, त्याकडे फारसे कोणी वळले नाही. परंपरा राखण्यासाठी उभ्या राहिलेल्या मंडळींची अशी तक्रार होती की, प्रसारमाध्यमे पहिल्यापासून दुसऱ्या बाजूची आहेत आणि आमचे म्हणणे लोकांपर्यंत पोचूच दिले जात नाही. ही तक्रार कितपत खरी होती? प्रस्तुत लेखात तेवढाच एक प्रश्न तपासावयाचा आहे. लेखकाचे स्वतःचे मत लपविण्याचे कारण नाही. न्यायालयाने दिलेला निर्णय त्याला योग्य वाटतो. पण आपल्याला न पटणाऱ्या पक्षाची तक्रार तपासताना अधिक सावध राहावे लागते, कारण ती खोटी ठरावी असे आपल्याला आधीपासूनच वाटत असते.

घटनाक्रम

प्रथम घटना क्रमाने पाहू. स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न नवा नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २००० सालीच त्यासाठी आंदोलन केले होते आणि त्यात डॉ. श्रीराम लागू, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे सहभागी झाली होती. त्यानंतर प्रश्न न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिला.

२८ नोव्हेंबर २०१५ रोजी एका तरुणीने चौथऱ्यावर जाऊन शनीचे दर्शन घेतले. त्यानंतर गावकऱ्यांनी मूर्तीला दुधाचा अभिषेक केला. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री, अनिता शेटे, निवडून आल्या. त्यांनीही परंपरा चालू राहावी अशीच भूमिका घेतली. २६ जानेवारीस भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई आपल्या सहकारी स्त्रियांसह शिंगणापूरकडे निघाल्या. त्यांना पारनेर तालुक्यातील सुपे येथेच अडविण्यात आले. इकडे गावात स्त्रीपुरुष वाट रोखण्याच्या तयारीने उभे होते. फेब्रुवारीत श्री श्री रविशंकर यांनी मध्यस्थी करून, पुजाऱ्याखेरीज स्त्री वा पुरुष कोणीच वर जाऊ नये, असा तोडगा सुचविला. तो देसाई यांना मान्य झाला नाही.

१ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती डी. एच. वाघेला आणि न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांच्या खंडपीठाने विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर निर्णय दिला. जेथे पुरुषास प्रवेश आहे तेथे स्त्रीसही आहे आणि तो हक्क राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. त्याला आधार होता तो हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशासंबंधीच्या १९५६ च्या कायद्याचा. दुसऱ्याच दिवशी गावात गेलेल्या देसाई यांना गावकऱ्यांनी पुन्हा रोखले. ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. त्या दिवशी प्रवरासंगमाहून आणलेल्या पाण्याने शनीला स्नान घालण्याची रीत आहे. देवस्थानने तोवर पुरुषांनाही चौथरा बंद केला होता. ती मनाई न जुमानता पुरुष भाविक वर गेले. अखेर त्याच दिवशी देवस्थानने चौथरा सर्वांना खुला केला.

तक्रारीचे तीन धागे

पक्षपात हा शब्द आपण फार सैल वापरतो. ‘वृत्तपत्रे विकली गेली आहेत’ असे म्हणून टाकले की विचार करण्याची जबाबदारी संपते. तक्रारीचे धागे वेगळे केले म्हणजे मात्र ती तपासता येते.

पहिला धागा मताचा. अनेक वृत्तपत्रांनी अग्रलेखांतून स्त्रियांच्या प्रवेशाची बाजू घेतली. यात गैर काहीही नाही. अग्रलेख ही मत मांडण्याचीच जागा आहे. संपादकाने आपल्या विरुद्ध मत दिले म्हणजे त्याने अन्याय केला, असे होत नाही.

दुसरा धागा शब्दांचा. शिंगणापूर हे ‘दारे नसलेल्या घरांचे गाव’ म्हणून कित्येक वर्षे वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत झळकत होते. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा तिची बातमी देशभर कौतुकाने छापली गेली. गावकऱ्यांची श्रद्धा तेव्हाही तीच होती. शनी रक्षण करतो म्हणून दार नको आणि शनीचा नियम आहे म्हणून स्त्रीने वर जाऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकाच मुळावर उभ्या होत्या. एक फांदी बातमीदाराला मौजेची वाटली, दुसरी संतापजनक. संतापाला कारण होते, हे खरे. कारण दार नसण्याने कोणाचा हक्क हिरावला जात नाही, चौथरा बंद असण्याने जातो. पण काल ज्यांना ‘भाबडे श्रद्धाळू’ म्हटले त्यांनाच आज ‘कट्टर’ म्हणताना, मध्ये काय बदलले हे वाचकाला सांगावयास हवे होते. ते न सांगितल्यामुळे गावकऱ्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही.

तिसरा धागा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो बातमीच्या स्वभावाशी निगडित आहे.

निघालेला आणि थांबलेला

बातमी कशाची होते? काही घडले म्हणजे होते. जे कालच्यासारखेच आज आहे त्याची बातमी होत नाही. आता सुधारणावाद्याचे आणि परंपरावाद्याचे आंदोलन यांत एक मूलभूत भेद आहे. सुधारणावाद्याला काहीतरी बदलावयाचे असते, म्हणून तो निघतो. परंपरावाद्याला आहे ते तसेच ठेवावयाचे असते, म्हणून तो जागच्या जागी उभा राहतो. निघालेल्या माणसामागे छायाचित्रकार धावतो. थांबलेला माणूस छायाचित्रात येतो तो निघालेल्याच्या वाटेतील अडथळा म्हणून.

शिंगणापुरात हेच झाले. पुण्याहून गाड्या निघाल्या, सुप्याला अडल्या, चौथऱ्यावर हेलिकॉप्टरमधून उतरण्याची भाषा झाली. बातमीला आरंभ, मध्य आणि अंत आपोआप मिळाला. गावकऱ्यांच्या बाजूस असे कथानक नव्हते. ते दिसले ते हातांची साखळी करून उभे असलेले. त्या साखळीतील एखाद्या बाईच्या मनात काय होते, ती स्वतःच्या इच्छेने उभी होती की घरच्यांच्या धाकाने, शनीच्या कोपाचे भय तिला खरोखर वाटत होते की बाहेरच्या माणसांनी आपल्या गावाला शिकवावे याचा राग तिला आला होता, हे कळण्यास तिच्याजवळ अर्धा तास बसावे लागले असते. धावत्या छायाचित्रणाला तेवढी सवड नसते.

हा सुधारणेकडे झुकलेला पक्षपात होता काय? तसे वाटत नाही, आणि त्याला एक चांगला पुरावा आहे. ज्या याचिकेमुळे निर्णय लागला ती करणाऱ्या विद्या बाळ या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या संस्थापक-संपादक, आयुष्यभर स्त्रीप्रश्नांवर काम केलेल्या लेखिका. त्या स्वतः पत्रकार होत्या, सुधारणेच्या पक्षाच्या होत्या. तरी सर्वसामान्य वाचकाच्या स्मरणात त्या संघर्षाचे चित्र आहे ते गाड्यांचे आणि अडवणुकीचे, याचिकेचे नव्हे. म्हणजे माध्यमांचा कल सुधारणेपेक्षा देखाव्याकडे अधिक होता. कायद्याचा कागद घेऊन शांतपणे चालणारी सुधारकही त्यांच्या दृष्टीने मागेच पडली. परंपरावाद्यांना हा कल शत्रुत्वासारखा वाटला, कारण त्यांच्या आंदोलनाची घडणच अशी की देखाव्याच्या बाजारात त्यांना अडथळ्यावाचून दुसरी भूमिका मिळत नाही.

यातील खरा धोका पुढे आहे. रस्ता अडविला तरच आपण वृत्तपत्रात येतो, हे लोकांच्या एकदा ध्यानात आले की ते बोलण्याऐवजी अडविण्यास शिकतात. न ऐकल्याने माणसे अधिक कडवी होतात आणि त्या कडवेपणाची बातमी होते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा दाखला

हा प्रश्न महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे विधेयक मांडले. विवाहित मुलीच्या बाबतीत संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर नेणारे हे विधेयक १९ मार्चला संमत झाले. मधल्या सव्वादोन महिन्यांत पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत विरोधी सभा झाल्या. पुण्यात क्रीडाभुवनातील सुधारकांची सभा तर उधळली गेली. ‘केसरी’ने विधेयकास विरोध केला, आगरकरांच्या ‘सुधारका’ने पाठिंबा दिला, मुंबईत बेहरामजी मलबारी यांचे ‘इंडियन स्पेक्टेटर’ सुधारणेच्या बाजूने लढत होते. कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ या पत्रावर तर त्याच वर्षी विरोधी लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला भरण्यात आला.

त्या काळातील वृत्तपत्रे पक्षपाती होती यात शंका नाही. पण ती उघड पक्षपाती होती. ‘केसरी’ घेणाऱ्याला आपण कोणाचे मत विकत घेतो आहोत हे ठाऊक असे, आणि दुसरी बाजू पाहावयाची तर तो ‘सुधारक’ मागून घेई. आजचे वृत्तपत्र आपण तटस्थ आहोत असे सांगते. म्हणून त्याचा लहानसा कलही वाचकाला मोठा वाटतो.

त्या वादातून दुसराही एक धडा मिळतो. टिळकांना सरसकट ‘सनातनी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांनी १८९० साली, सोळा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करू नये, असे बंधन सुधारकांनी स्वतःहून पाळावे असे सुचविले होते. त्यांचा मुख्य आक्षेप परकी सरकारच्या कायद्याने हे व्हावे याला होता. तो आक्षेप चुकीचा होता असे आपण म्हणू शकतो. बालिकांच्या जिवाचा प्रश्न सरकारच्या रंगावर अडवून धरणे योग्य नव्हते असेही म्हणू शकतो. मात्र तो आक्षेप काय होता हे न समजता त्यावर शिक्का मारला, तर इतिहास कळत नाही.

तक्रारीची मर्यादा

आता दुसरी बाजू. माध्यमांवर दोष ठेवला म्हणजे परंपरावाद्यांची भूमिका निर्दोष ठरत नाही. प्रथम, त्यांचे म्हणणे मुळीच छापले गेले नाही हे खरे नाही. देवस्थानच्या अध्यक्षांची भूमिका प्रसिद्ध झाली होती. हिंदू जनजागृती समितीसारख्या संघटनांचा विरोधही सर्वांना माहीत होता. दुसरे, १९५६ पासून कायदा अस्तित्वात होता. कायदा आणि त्याचा भंग यांना दोन पारड्यांत टाकून वृत्तपत्राने सारखे तोलावे, ही मागणी समतोलाची म्हणता येणार नाही. तिसरे, ‘गाव’ हा शब्द आंदोलकांनीही सोयीने वापरला. गावाचा विरोध म्हणजे नेमका कोणाचा? शेतकऱ्याचा, दुकानदाराचा, विश्वस्तांचा, की बाहेरून आलेल्या संघटनेचा? आणि गावातील ज्या एखाद्या स्त्रीला चौथऱ्यावर जावेसे वाटत होते तिने ते कोणाजवळ बोलावे? आपले कोणी ऐकत नाही असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरात कोणाचे ऐकले नाही, हेही विचारले पाहिजे.

अभ्यासाची दिशा

विद्यार्थ्यांना येथे एक छोटा अभ्यास करता येईल. ग्रंथालयात जाऊन २८ जानेवारी, ३ एप्रिल आणि ९ एप्रिल २०१६ या तीन दिवसांची दोन-तीन वृत्तपत्रे समोर मांडावीत. प्रत्येक बातमीला चार प्रश्न विचारावेत. दोन्ही बाजूंच्या किती माणसांचे शब्द बातमीत आले? त्यांना कोणती विशेषणे लावली? छायाचित्र कोणाचे, आणि ते काय करताना? ‘चारशे वर्षांची परंपरा’ यासारखे विधान कोणी पडताळून पाहिले काय? हा शेवटचा प्रश्न दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे; कारण परंपरा जितकी जुनी तितका रक्षणकर्त्याचा अभिमान मोठा, आणि तितकाच ती मोडणाऱ्याचा पराक्रमही मोठा. या नोंदींचा तक्ता केल्यावर पक्षपात होता की नव्हता, आणि असल्यास कोणत्या धाग्यात होता, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

शक्य झाल्यास त्यानंतर घोडेगावची गाडी धरावी. शिंगणापुरात आता स्त्रिया चौथऱ्यावर जाऊ शकतात. त्या वेळी साखळीत उभ्या असलेल्या बाया आजही गावात असतील. त्यांच्याजवळ बसून त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे आणि त्यांनाच वाचून दाखवावे. ‘हो, हेच मला म्हणायचं होतं,’ असे त्या म्हणाल्या, तर आपण बातमीदाराचे काम शिकलो असे समजावे. त्यांचे म्हणणे आपल्याला पटले पाहिजे असे मुळीच नाही.