घरच्या भाजीपाल्याविषयी नवशिक्याच्या शंका

लुधियानात काय किंवा मदुराईत काय, घरी भाजीपाला लावू पाहणाऱ्या माणसाच्या शंका जवळजवळ त्याच असतात. खत कोणते घालावे, पाणी किती द्यावे, बी का उगवले नाही, फुले आली तरी फळ का धरले नाही? शंका सारख्या असल्या तरी त्यांची उत्तरे सारखी नसतात, आणि नवशिक्याची पहिली फसगत येथेच होते. शेजाऱ्याने सांगितलेला किंवा दुसऱ्याच प्रदेशासाठी लिहिलेल्या पुस्तकात वाचलेला उपाय तो जसाच्या तसा करून पाहतो. पीक हाती येत नाही. मग एका हंगामानंतर ‘आपल्या हाताला गुण नाही’ असे म्हणून तो कुंड्या पालथ्या घालून ठेवतो. वास्तविक दोष बहुधा हाताचा नसतो आणि खताचाही नसतो. जे झाड लावले ते त्या जागी, त्या महिन्यात वाढणारे नव्हते, एवढेच घडलेले असते. म्हणून ‘कोणते खत?’ या प्रश्नाच्या आधी ‘किती ऊन?’ आणि ‘कोणता महिना?’ हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

ऊन आणि सावली

उजेड म्हणजे ऊन नव्हे. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि सर्व वेलभाज्या यांना रोज निदान सहा तास थेट ऊन मिळावे लागते. पालेभाज्यांचे तीन-चार तासांच्या उन्हावर भागते. पुदिना आणि अळू अर्धवट सावलीतही तग धरतात. खिडकीच्या आत, काचेमागे ठेवलेले टोमॅटोचे रोप उंच व फिकट होत जाते. ते वाढते आहे असे पाहणाऱ्याला वाटते, पण ते केवळ प्रकाशाकडे ताणले जात असते.

जागा निवडताना ज्या हंगामात पीक घ्यावयाचे त्या हंगामातील ऊन पाहिले पाहिजे. दिल्लीत २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. गच्चीच्या दक्षिण बाजूला दोन मीटर उंचीची भिंत असेल, तर तेव्हा तिची सावली जेमतेम वीतभर पडते. डिसेंबरच्या अखेरीस तीच भिंत भर दुपारी अडीच मीटर लांब सावली टाकते. जूनमध्ये पसंत केलेला भिंतीलगतचा कोपरा वाटाण्याच्या आणि फुलकोबीच्या दिवसांत अशा रीतीने दिवसभर अंधारलेला राहतो. चेन्नईत डिसेंबरमधील ही सावली सुमारे दीड मीटर भरते. जूनमध्ये तर तेथे सूर्य मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असल्याने सावली दक्षिणेस पडते. एका सुटीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी गच्चीवर खडूने सावलीच्या रेषा आखून ठेवल्या, तर पुढील पुष्कळ निराशा टळते.

महिना चुकला की पीक चुकते

हंगामाचे महत्त्व फुलकोबीइतके स्पष्टपणे दुसरी कोणतीही भाजी शिकवीत नाही. गड्डा धरण्यासाठी फुलकोबीच्या प्रत्येक वाणाला ठरावीक तापमान लागते. लवकर येणारी वाणे २०° ते २७° से. तापमानात गड्डा धरतात. पुसा स्नोबॉलसारख्या उशिरा येणाऱ्या वाणांना १०° ते १६° से.ची थंडी हवी असते. उत्तर भारताच्या मैदानात पहिल्या प्रकारचे बी मे-जूनमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. हा क्रम उलटला तर काय होते? लवकर येणारे वाण उशिरा लावले की रोप पुरते वाढण्याआधीच थंडी लागते आणि बटणाएवढा गड्डा धरून ते थांबते. उशिराचे वाण लवकर लावले तर भरघोस पाने येतात, गड्डा मात्र महिनोन्‌महिने दिसत नाही. दोन्ही वेळा नवशिका खताला दोष देतो आणि आणखी खत घालतो. बियाणे घेताना केवळ ‘फुलकोबी’ म्हणून पुडी न घेता वाणाचे नाव व पेरणीचा महिना विचारून घेणे हाच येथे खरा उपाय होय.

टोमॅटोची गोष्ट थोडी निराळी आहे. रोप उष्ण हवेत वाढते, फुलतेही. पण दिवसाचे तापमान ३५° से.च्या वर गेले आणि रात्रीही उकाडा कमी झाला नाही, तर परागकण निकामी होऊन फुले गळतात. रात्री फार थंड असल्या तरी फळधारणा होत नाही. दिल्लीत मार्चअखेर लावलेले टोमॅटोचे रोप मे महिन्यातील लू वाहू लागण्याच्या सुमारास फुलावर येते. त्याने फळ धरले नाही यात नवल नाही. बंगळूर किंवा पुणे यांसारख्या पठारावरील शहरांत मात्र टोमॅटो वर्षाच्या बहुतेक भागात घेता येतो. उलट, थंडीतील गाजर आणि वाटाणा यांच्या बाबतीत उत्तरेकडील माणूस भाग्यवान ठरतो. चेन्नईच्या उन्हाळ्यात पालकाचा हट्ट धरण्यापेक्षा माठ लावावा, आणि बंगालच्या दमट पावसाळ्यात मायाळू. स्थानिक बाजारात ज्या महिन्यात जी भाजी स्वस्त व ताजी येते, ती त्या हवेला मानवते असे समजण्यास हरकत नाही. तिची लागवड सुमारे दोन-तीन महिने आधी झालेली असते, हा हिशेब मात्र विसरू नये.

माती, खत आणि पाणी

कुंडीसाठी पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि वाळू समप्रमाणात घेतली तर बहुतेक भाज्यांचे काम भागते. गच्चीवर ओझ्याचा विचार आधी करावा. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलोग्रॅम भरते. वीस मोठ्या कुंड्या म्हणजे जवळजवळ एक टन. त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतींच्या व तुळयांच्या रेषेवर ठेवाव्यात, आणि जुन्या इमारतीत जाणकाराचा सल्ला घ्यावा. वाळूऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरल्यास वजन बरेच कमी होते. मात्र त्यातील क्षार जाण्यासाठी तो आधी दोन-तीन वेळा पाण्यात धुऊन घ्यावा.

ताजे शेण घालण्याचा मोह टाळावा. कुजताना त्यात उष्णता निर्माण होते, मुळे पोळतात आणि वाळवीला आमंत्रण मिळते. कुजविण्याची शास्त्रशुद्ध रीत याच देशात आखली गेली. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने काडीकचरा, हिरवा पाला व शेण यांचे थर रचून आणि ढीग ठरावीक काळाने उलथून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत बसविली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. घरातील बादलीतही तत्त्व तेच आहे. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला घालावा आणि हवा खेळती ठेवावी. घाण वास येऊ लागला तर हवा कमी व ओल जास्त झाली असे ओळखून सुका पाला वाढवावा.

खत कमी पडल्याने जेवढी झाडे बिघडतात त्याहून अधिक पाण्याच्या अतिरेकाने मरतात. मुळांनाही हवा लागते, आणि सतत चिखलात राहिलेले मूळ कुजते. असे झाड कोमेजते. ते तहानलेले आहे असे समजून त्याला पुन्हा पाणी दिले जाते आणि ते मरते. म्हणून ‘दिवसातून किती वेळा?’ हा प्रश्नच बाजूला ठेवावा. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर दिवसातून दोनदा पाणी लागेल, तर कोकणातील श्रावणात आठवडाभर लागणार नाही. कुंडीच्या तळाचे भोक बुजलेले नाही ना, हे मधूनमधून पाहणे हिताचे.

बी का उगवत नाही

बी जितके जाड असेल त्याच्या दोन ते तीन पट खोल पेरावे, हा ढोबळ नियम पुरेसा आहे. राजगिरा किंवा माठाचे बारीक बी बोटभर खोल गाडले तर कोंब वर येण्याआधीच त्यातील शिदोरी संपते. धन्याचा दाणा म्हणजे दोन बियांचे जोडफळ. तो हलक्या हाताने रगडून दोन दले वेगळी करून पेरावी, आणि दहा-पंधरा दिवस धीर धरावा. कारल्याचे टणक बी रात्रभर भिजत घालावे. मेथी मात्र चार-पाच दिवसांत वर येते, म्हणून लहान मुलांना बागेची गोडी लावायची तर सुरुवात मेथीपासून करावी.

जुने बी हेही एक कारण असते. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरातच घटू लागते. वांगी, काकडी यांचे बी नीट साठवल्यास तीन-चार वर्षे टिकते. शंका आल्यास दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. सातांपेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरावे, आणि दोन-तीनच उगवल्या तर ते बी टाकून द्यावे. उगवलेली कोवळी रोपे जमिनीलगत नरम पडून एकाएकी आडवी होतात, ते बुरशीमुळे होणारे कोलमडणे होय. विरळ पेरणी, निचरा आणि सकाळचे बेताचे पाणी हे त्यावरील उपाय आहेत.

फुले येतात, फळ धरत नाही

दुधी, भोपळा, काकडी, कारले यांच्या बाबतीत ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. या वेलांवर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी असतात, आणि बहुधा नर फुले आधी येतात. पहिले काही दिवस येणारी फुले गळून पडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मादी फूल ओळखणे सोपे आहे: त्याच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ, म्हणजे दुधीच्या फुलाखाली बोटाच्या टोकाएवढा दुधीच, दिसतो. नर फुलाचा देठ नुसता सरळ असतो.

मादी फुलेही येऊ लागली आणि ते इवलेसे फळ पिवळे पडून गळू लागले, तर परागीभवन होत नाही असे समजावे. उंच इमारतींच्या गच्च्यांवर मधमाश्या पुरेशा पोहोचत नाहीत. शेजारी कोणी सकाळी कीटकनाशक फवारीत असेल तर पोहोचलेल्याही मरतात. अशा वेळी हाताने परागीभवन करावे. ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्यात आणि त्यातील पिवळी पूड मादी फुलाच्या मध्यावरील कुक्षीला अलगद लावावी. यात वेळ चुकता कामा नये. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणून ते काम सकाळी लवकर करावे. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते, कारण त्याचे पाहुणे रात्री फिरणारे पतंग असतात. दोडक्याचे फूलही सायंकाळचे, त्याच्याच भावकीतील घोसाळ्याचे मात्र सकाळचे! सकाळी दहा वाजता दुधीच्या फुलाशी खटपट करणाऱ्याला यश येत नाही, ते यामुळे.

बिहार आणि बंगालात आवडीने लावल्या जाणाऱ्या परवळीची अडचण याहून वेगळी आहे. तिच्यात नर आणि मादी वेलच निराळे असतात. मादी वेलांच्या जोडीला एखादा तरी नर वेल लावला नसेल, तर कितीही निगा राखली तरी फळ मिळत नाही.

याच तक्रारीचा आणखी एक प्रकार आहे: वेल हिरवागार, दाट, पण फूलच नाही. येथे बहुधा नत्र जास्त झालेले असते किंवा ऊन कमी. खत थांबवावे, जागा बदलता येत असेल तर बदलावी.

कीड आणि रोग

घरची भाजी लावण्यामागे विषारी फवाऱ्यांपासून सुटका हा हेतू पुष्कळांच्या मनात असतो. तेव्हा डासांसाठी आणलेले औषध वांग्यावर मारणे यासारखी विसंगती नाही; ते खाण्याच्या झाडांसाठी नसतेच. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो. न पुरल्यास एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावी. मिरची-टोमॅटोची पाने चुरडणे किंवा भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणे हे विषाणूंचे रोग असून पांढरी माशी ते पसरविते. रोगट झाडाला औषध नाही. ते उपटून टाकावे. पुसा सावनी हे एके काळचे नावाजलेले भेंडीचे वाण या रोगाला बळी पडू लागल्यावर परभणी क्रांती आणि अर्का अनामिका ही प्रतिकारक्षम वाणे पुढे आली, परंतु अशी प्रतिकारशक्तीही काळानुसार उणावते.

किती पिकेल, केव्हा तोडावे

दहा चौरस मीटर गच्चीवर कुटुंबाचा सर्व भाजीपाला पिकेल अशी आशा धरणे योग्य नव्हे. बटाटा आणि कांदा जागा फार अडवितात आणि बाजारात सहसा स्वस्त मिळतात. त्यांच्यावर कुंड्या खर्च करण्यात अर्थ नाही. कुंडीतील एका टोमॅटोच्या झाडाने दीड-दोन किलो फळ दिले तरी ते चांगले पीक समजावे. जेथे ताजेपणाला मोल आहे तेथे घरची बाग उजवी ठरते: कोथिंबीर, मेथी, माठ, कढीपत्ता, मिरची, आणि परसात जागा असल्यास शेवगा, ज्याचा पालाही खाण्याजोगा व पौष्टिक असतो. पहिल्या हंगामात चारच पिके घ्यावीत आणि त्यांतील दोन पालेभाज्या असाव्यात, म्हणजे महिन्याभरात ताटात काहीतरी पडते.

तोडणीत कंजुषी करू नये. भेंडी दिवसाआड तोडावी. एखादी शेंग झाडावर निबर होऊ दिली की झाड आपली शक्ती बियांकडे वळविते आणि नवी फुले कमी होतात. हंगामाच्या शेवटी मात्र एका निरोगी झाडावरील दोन-तीन शेंगा मुद्दाम वाळू द्याव्यात. पुडीवर ‘संकरित’ असे लिहिलेले असेल तर हा खटाटोप करू नये, कारण त्या बियांची झाडे मूळ झाडासारखी निपजत नाहीत. साध्या वाणाचे बी सावलीत वाळवून, कोरड्या बरणीत थोडी राख घालून ठेवावे आणि बरणीवर वाणाचे नाव व बी धरल्याचा महिना लिहून ठेवावा.