हिंसक व्हिडिओ गेम : आशय आणि आविष्कार

आशय श्रेष्ठ की आविष्कार श्रेष्ठ, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. कविता-कादंबरीच्या संदर्भात आपण तो वर्गात नेहमी ऐकतो. प्रौढांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हिंसक व्हिडिओ गेमच्या बाबतीतही तो उपस्थित करणे अगत्याचे आहे. कारण येथे प्रेक्षक नुसता पाहत नाही, तर स्वतःच्या हाताने वार करतो.

केवळ हिंसा दाखविली म्हणून कलाकृती हीन ठरत नाही. मरण रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नये, असा नाट्यशास्त्राचा संकेत. तरीही ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो आणि त्यातून करुण रस उभा राहतो. तेव्हा रक्त किती सांडले यापेक्षा ते कशासाठी सांडले, हा प्रश्न महत्त्वाचा.

१९७६ साली अमेरिकेत ‘डेथ रेस’ हा खेळ आला. कृष्णधवल पडद्यावरील काडीसारख्या आकृती मोटारीखाली चिरडायच्या. त्या जागी थडग्याची खूण उमटे. १९९२ च्या ‘मॉर्टल कोम्बॅट’मध्ये खऱ्या नटांची चित्रे आली, रक्त लाल झाले. अमेरिकी सिनेटमध्ये १९९३ साली सुनावणी झाली व १९९४ साली वयोगट ठरविणारे मंडळ स्थापन झाले. या अवधीत तंत्र पुष्कळ सुधारले. आशय मात्र होता तेथेच राहिला. वयोगटाचा शिक्का खेळात काय दिसते ते सांगतो. विचार प्रौढ असल्याची ग्वाही तो देत नाही.

२००९ चा जपानी ‘मॅडवर्ल्ड’ हा निव्वळ आविष्काराचा नमुना होय. काळ्या-पांढऱ्या रेखाटनावर लाल रक्ताचे फटकारे! डोळ्यांना चित्र लक्षात राहते. मेलेला माणूस राहत नाही.

याउलट बर्लिनमध्ये तयार झालेला ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२) पाहा. वाळूत गाडलेल्या दुबईत खेळाडू कॅमेऱ्याच्या पडद्यावरील पांढऱ्या ठिपक्यांवर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो. नंतर त्याला त्याच जागेतून चालत जावे लागते. तेथे जळालेल्या निरपराध नागरिकांची प्रेते असतात. ठिपके म्हणजे माणसेच होती, हे त्याला आता कळते. पुढे जाण्यास दुसरा मार्गच न ठेवता खेळाडूला दोषी धरणे अन्यायाचे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि दुरून मारताना मरण किती सोपे वाटते, हा आशय येथे त्या पडद्याच्या योजनेतूनच व्यक्त होतो.

हा आक्षेप ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) या पोलिश खेळाला लागू पडत नाही. सारायेव्होच्या १९९२ ते १९९६ च्या वेढ्यावरून तो सुचला. यातील पात्रे सैनिक नसून उपाशी नागरिक आहेत. एका घरातील वृद्ध दांपत्याचे अन्न व औषधे चोरता येतात; पण चोरणारे पात्र पुढे खिन्न होते. निवड खेळाडूची आणि परिणामही त्याच्याच पदरी.

सारांश, गेममधील आशय पटकथेत शोधू नये. खेळाडूची कृती आणि तिचा परिणाम यांच्या नात्यात तो असतो. ते नाते तुटले, की उत्तम चित्रणही नुसती आतषबाजी ठरते. ते टिकले, तर साधे चित्रणही मनात घर करते. यापुढे एखादा हिंसक गेम हाती घेताना विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे: मी जे केले, त्याची या खेळाने काही दखल घेतली का?