आतला माणूस बोलतो कधी?

प्रश्न : फॉर्म्युला वनमध्ये एखाद्या संघाने लबाडी केली, तर आतली माणसं बोलतात का? बोललीच, तर पुढे त्यांचं काय होतं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बोलतात, पण बहुधा गमावण्यासारखं काही उरलं नाही की मग. 2008 ची सिंगापूरची शर्यत बघा. पंधराव्या जागेवरून सुटलेला फर्नांडो अलोन्सो बाराव्याच फेरीत पिटमध्ये जाऊन आला. थोड्याच वेळात त्याचा रेनॉ संघातला जोडीदार नेल्सन पिके ज्युनिअर सतराव्या वळणावर मुद्दाम भिंतीवर आदळला. वळणसुद्धा हेरून ठेवलेलं! तिथे गाडी उचलायला क्रेन नव्हती, म्हणजे सेफ्टी कार येणारच. पिटमध्ये जायचं बाकी असलेल्या इतरांचं गणित कोलमडलं, अलोन्सो जिंकला.

कुजबुज तेव्हाही झाली होती. पिकेने लेखी जबाब दिला तो मात्र जुलै 2009 च्या अखेरीस, संघातली जागा जाण्याच्या सुमारास. आणि तोही खेळाची नियामक संस्था असलेल्या एफआयएकडून अभय घेऊनच. ते अभय पाळलं गेलं. पण फॉर्म्युला वनमध्ये त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. रेनॉमधल्या आणखी एकाने साक्ष दिली, तो कागदोपत्री फक्त ‘साक्षीदार एक्स’ राहिला. दोघांत शहाणा तोच.

आता ज्यांच्यावर ठपका आला त्यांचं बघा. संघप्रमुख फ्लाव्हियो ब्रियातोरे यांच्यावर बेमुदत बंदी, अभियंते पॅट सिमंड्स यांच्यावर पाच वर्षांची. जानेवारी 2010 मध्ये फ्रेंच न्यायालयाने दोन्ही रद्द केल्या. सिमंड्स पुढे फॉर्म्युला वनचेच मुख्य तांत्रिक अधिकारी झाले. ब्रियातोरे 2024 मध्ये त्याच संघात सल्लागार म्हणून परतले. संघाचं नाव तेवढं आता अल्पीन आहे. आपटलेला पिकेही काही साधू नव्हता, पण हिशेब लक्षात यावा.

संरक्षणाचं म्हणाल, तर वारं उलटं वाहतंय. मार्च 2024 मध्ये एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायम यांच्याविरुद्ध आतून आलेल्या तक्रारी आचारनीती समितीने पुरावा नाही म्हणून निकाली काढल्या. त्याच डिसेंबरात एफआयएच्या किगालीतल्या सभेत नियमच बदलले. अशा तक्रारींवरची देखरेख संस्थेच्या सिनेटकडून काढून एफआयएचे अध्यक्ष आणि सिनेटचे अध्यक्ष अशा दोघांकडे दिली. पैशाच्या व्यवहारांची स्वतंत्रपणे चौकशी करायचा लेखापरीक्षण समितीचा अधिकारही गेला. मी तिथे नोकरीला असतो, तर पिकेसारखं लेखी अभय हातात पडेपर्यंत तोंड उघडलं नसतं.